लॅमिनेशन केलेली वॉरंटी

करारपत्राच्या पाठीमागची बारीक अक्षरं अख्ख्या वसई तालुक्यात कोणी शेवटपर्यंत वाचली असतील, तर ती एकट्या आमच्या भाऊजींनी. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहायला नालासोपाऱ्यात. हा माणूस लग्नाच्या पंगतीत बसला तरी शेजाऱ्याला विचारणार, "तुमच्या गाडीच्या वॉरंटीत क्लचप्लेट येते का हो?" शेजारी बिचारा "माहीत नाही" म्हणाला की संपलं, त्याची जिलबी हातातच राहायची. झिजणारे भाग वॉरंटीत धरत नाहीत, बाहेरच्या गॅरेजवाल्याने इंजिन उघडलं तर दावा बाद, हे सगळं पुराण मठ्ठा येईपर्यंत चाले. पण खोटं कशाला बोलू? वालीवच्या कितीतरी टेम्पोवाल्यांचे अडकलेले दावे त्यांनी अर्ज लिहून लिहून मंजूर करून दिले, आणि चहाखेरीज कोणाचं काही घेतलं नाही.

कागदावर त्यांचा भारी जीव. रेशनकार्ड, लग्नपत्रिका, विजेचं बिलसुद्धा लॅमिनेशन करून आणत. ताई म्हणायची, "मी जरा गप्प बसले की भीती वाटते, एक दिवस मलाही नेतील."

ताईचा पाय मोडला, आत सळी घातली आणि तिचा गुडघा वाकेनासा झाला. रिक्षात ती मावेना. म्हणून भाऊजींनी व्हॅन घेतली, वर पैसे भरून वॉरंटी दोन वर्षं वाढवून घेतली. मागच्या सीटवर पाय लांब करून ताई दर रविवारी भुईगावला आमच्या आईकडे यायची. आई अंथरुणाला खिळलेली. रविवारची वाट ती शुक्रवारपासून बघायची. गाडी घेतली ती तेवढ्याचसाठी.

एके दिवशी इंजिन बसलं. भाऊजी वर्कशॉपमध्ये जवळजवळ खुशीतच गेले, इतक्या वर्षांनी स्वतःचा दावा! तिथे घोळ झाला. दर सर्व्हिसिंगला पुस्तिकेवर शिक्का लागतो, आणि पुस्तिका यांनी पहिल्याच आठवड्यात पानोपान लॅमिनेट केलेली. प्लॅस्टिकवर शिक्का धरेना, घरी येईपर्यंत पुसून जाई. "काका, यावर एकही शिक्का नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली. सर्व्हिसिंगचा पुरावा नाही, सबब दावा नामंजूर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पैसे भरले असते तर गाडी आठवड्यात मिळाली असती. पैसे होतेही. पण भाऊजी अडून बसले, कंपनीला अर्जावर अर्ज लिहीत राहिले. "भरले म्हणजे चूक माझी असं कबूल केल्यासारखं होईल." मी म्हटलं, भाड्याची गाडी करू. तर म्हणाले, "स्वतःची असताना भाड्याची कशाला? पुढच्या आठवड्यात सुटतेच आहे." मीही नेट धरला नाही, ते मला आजही खातं. रविवारामागून रविवार गेले. इकडे आई विचारायची, "पोर का नाय येत?" मी सांगायचो, गाडी बिघडलीय. "मानसं नाय ना बिघडली?" ती म्हणायची.

तिसऱ्या महिन्यात आई गेली. ताईला त्या दिवशी चौघांनी उचलून टेम्पोतून आणली. म्हणजे आणता येत होती.

दावा मंजूर झाल्याचं पत्र तेराव्यानंतर आलं. वर्कशॉपच्याच वहीत सर्व्हिसिंगच्या नोंदी सापडल्या होत्या, सगळा खर्च कंपनीने सोसला. भाऊजींनी पत्र माझ्यापुढे धरलं. मी वाचलं नाही. "जिंकलात हो भाऊजी," एवढंच बोललो, आणि ते लागेल असंच बोललो. त्यांनी पत्राची घडी करून खिशात घातली.

पुढच्या रविवारी ते गाडी घेऊन भुईगावला आले. ताईला धरून आत नेलं, आईच्या रिकाम्या खाटेवर बसवलं आणि स्वतः बाहेर जाऊन पायरीशी उभे राहिले. उन्हात, चपला हातात घेऊन. बऱ्याच वेळाने मला हळूच म्हणाले, "तिला विचार ना, मी आत येऊ का?"

मी विचारलं. ताई खाटेवरच्या चादरीच्या सुरकुत्या काढत राहिली. मग म्हणाली, "येऊ दे. आईला आवडायचे ते."