आत्याचे दोन बाप्तिस्मे

माझ्या आत्याचा पहिला बाप्तिस्मा तिच्या वडिलांनीच केला. माझे आजोबा धाराशिवच्या आमच्या जुन्या मिशनच्या चर्चचे पाळक होते. तान्ह्या लेकीच्या डोक्यावर त्यांनी पाणी शिंपडलं आणि, आजी सांगायची, त्या दिवशीचा उपदेशही तिला कडेवर घेऊनच केला.

दुसऱ्या बाप्तिस्म्याच्या वेळी आत्या नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाली होती. तामलवाडीजवळच्या एका शेततळ्यात, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तिनं तो घेतला. सोलापूरच्या एका प्रार्थना हॉलच्या तरुण पास्टरनं तिला मागं आडवी करून पुरती बुडवली आणि वर काढली. काठावरच्या बायका टाळ्या वाजवत गात होत्या.

ती तिकडं का गेली, हे मला समजत होतं. नोकरीमुळं तामलवाडी हेच तिचं गाव झालेलं. तिच्या नवऱ्याला आमच्या चर्चच्या कब्रस्तानात माती दिली, तेव्हा सगळी मंडळी आली, चहा घेऊन गेली. त्यानंतर त्या घरात ती आणि तिची मुलगी दोघीच उरल्या. हॉलच्या बायका मात्र दर आठवड्याला यायच्या, तिच्याजवळ बसायच्या, तिच्यासोबत रडायच्यासुद्धा. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की लहानपणचा बाप्तिस्मा खरा नाही, माणसानं समजून उमजून पाण्यात उतरलं पाहिजे.

माझे पप्पा आमच्या चर्चच्या पंचांचे अध्यक्ष होते. त्यांना कळलं तेव्हा ते बहिणीला एकच वाक्य बोलले. "बाबांच्या हातचं पाणी तुला कमी पडलं का गं?"

"दादा, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं," आत्या म्हणाली. "आता मी माझ्या तोंडानं व्हय म्हटलंय."

पप्पांनी तिच्याशी बोलणं टाकलं. नाताळाला ती करंज्या घेऊन यायची, आईशी आणि माझ्याशी गप्पा मारायची. पप्पा तेवढा वेळ अंगणात पेपर वाचत बसायचे.

मी शाळेत शिक्षिका आहे. एकदा स्टाफरूममध्ये हे सगळं माझ्या तोंडून निघून गेलं. शेजारच्या बाईंनी नवलानं विचारलं, "तुम्ही सगळे एकाच येशूचे ना?" मी समजावून सांगायला गेले. कॅथलिकांचे फादर वेगळे, त्यांची मिस्सा नावाची उपासना वेगळी, आमचं जुनं मिशन वेगळं, हॉलवाले वेगळे. त्या हसल्या. "म्हणजे तुमच्यातपण पोटजाती हायत की!" मीही हसले, पण ते मनात राहिलं. बाहेरच्यांना आम्ही सगळे सारखेच, 'ते ख्रिश्चन'. दूर कुठल्या हॉलपुढं जमावानं गोंधळ घातल्याची बातमी आली, की आमच्या जुन्या चर्चमधलीही माणसं त्या रविवारी दार जरा लोटूनच घेतात. भीती वाटून घेताना आम्ही एक असतो. बाकीच्या वेळी एकमेकांच्या पाण्याची खोली मोजत बसतो.

आत्या सोलापूरच्या दवाखान्यात वारली. तिच्या मुलीचा फोन मलाच आला. रडतच ती म्हणाली, "ताई, आईला माझ्या पप्पांशेजारी ठेवायचंय. मामांना, तुझ्या पप्पांना, विचारशील?"

अडचण आम्हा दोघींनाही ठाऊक होती. हॉलला स्वतःची दफनभूमी नाही आणि आमच्या कब्रस्तानात फक्त सभासदालाच जागा, असा पंचांचा नियम; दुसऱ्या बाप्तिस्म्यानंतर आत्या सभासद उरली नव्हती. तो नियम करताना पप्पाच पुढं होते.

दुपारी चर्चच्या व्हरांड्यात पंच जमले. मी भिंतीला टेकून उभी होते. एक पंच म्हणाले, "आज एकीला जागा दिली, तर उद्या रांग लागेल. जगायचं तिकडं आणि निजायला यायचं इकडं?"

पप्पा खुर्चीवरून उठले आणि समोरच्या बाकावर जाऊन बसले.

"नियम बरोबर आहे," ते म्हणाले. "अध्यक्ष म्हणून मला तो मोडता येणार नाही. म्हणून मी ती खुर्ची सोडली. आता भाऊ म्हणून मागतो. माझ्या बहिणीला तिच्या नवऱ्याशेजारी जागा द्या."

आमचे पाळकसाहेब म्हणाले, "जागा देऊ. पण विधी आपल्या पद्धतीनं होईल." आत्याच्या मुलीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "शेवटची प्रार्थना आमचे पास्टर करतील." तेवढ्यावर ठरलं.

दुसऱ्या दिवशी कब्रस्तानाच्या फाटकाशी दोन्ही मंडळ्या वेगवेगळ्या उभ्या होत्या. इकडं आम्ही गीतांची पुस्तकं घेऊन, तिकडं ते ढोलकी घेऊन. तेवढ्यात तामलवाडीहून टेम्पो आला. त्यातून गावच्या बायाबापड्या उतरल्या. सगळ्यांत पुढं एक म्हातारी होती. तिच्या हातात नवी साडी, नारळ आणि गुलालाची पुडी.

तिनं शवपेटीवर गुलाल टाकायला हात उचलला, तसे आमचे पाळकसाहेब आणि हॉलचे पास्टर एकदमच बोलले, "नको, नको!" दोघांनी चमकून एकमेकांकडं पाहिलं. सकाळपासून त्यांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

म्हातारी बावरली. "मग आमी काय करावं? माझी तिन्ही नातवंडं हिच्या हातावर जन्मली. हिला अशी रिकामीच लावून देऊ व्हय?"

पप्पा पुढं झाले. "मावशी, गुलाल आमच्यात चालत न्हाय. साडी घाला. ती तुम्ही माझ्या बहिणीला आणलीय."

तिनं साडीची घडी मोडून पेटीवर पांघरली, लाकडावर डोकं टेकलं आणि नारळ पिशवीत परत ठेवला. मग आमच्या पाळकसाहेबांनी शास्त्रपाठ वाचला, पास्टरनं प्रार्थना केली. त्याची प्रार्थना फार लांबली. आमच्यातले काहीजण चुळबुळ करू लागले. पप्पा डोळे मिटून शेवटपर्यंत उभे राहिले, पण आमेन म्हणाले नाहीत. मी शेजारीच होते.

अध्यक्षपद त्यांनी पुन्हा घेतलं नाही. नियमही तसाच आहे. पुढं कुणासाठी तो प्रश्न आला, तर पंच काय करतील, मला सांगता येणार नाही.

आत्याची मुलगी मात्र आता महिन्या दोन महिन्यांनी घरी येते. चहा होईपर्यंतच मामा-भाचीचं बाप्तिस्म्यावरून जुंपतं. ती बॅगेतून बायबल काढते, पप्पा कपाटातून आपलं काढतात. "हे वाचा मामा, इथं स्पष्ट लिहिलंय." "त्याच्या वरची ओळ वाच की!" आई स्वयंपाकघरातून ओरडते, "गल्लीला ऐकू जातंय!" आजवर दोघांपैकी एकही तसूभर हललेलं नाही. बहिणीशी असं भांडायला हवं होतं, असं पप्पा कधी म्हणाले नाहीत. पण भाची यायची असली, की सकाळीच चष्मा पुसून ठेवतात.