बुडालेल्या गावाचं नाव

नोकरीत चोरीच्या फिर्यादी पुष्कळ घेतल्या. बहुतेक आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. एक मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते, कारण चोरीला काय गेलं हेच मला आधी समजून घ्यावं लागलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी आदिलाबाद जिल्ह्यात, बासरच्या बाजूच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी आटोपून बंदोबस्ताच्या ड्यूट्या वाटत होतो, तेवढ्यात घोंगड्यांचे एक व्यापारी आत आले. पन्नाशीचे, शांत स्वभावाचे, बाजारात मान असलेले गृहस्थ. त्यांचं मूळ गाव गोदावरीवरच्या धरणात गेलं होतं आणि माणसं वर माळावर नव्या वस्तीत राहायला आली होती. गाव गेलं तरी घोंगडी त्याच गावच्या नावानं विकली जायची. नांदेडचं गिऱ्हाईकसुद्धा नाव घेऊनच माल मागायचं.

खुर्चीवर बसत ते म्हणाले, ''साहेब, आमच्या गावचं नाव चोरीले गेलं.''

मी आधी त्यांना पाणी दिलं. मग हळूहळू प्रकार कळला. परदेशी गिऱ्हाइकाला माल दिसावा म्हणून त्यांना कॉम्प्युटरवर दुकान मांडायचं होतं. ठाण्याच्या गावातल्या कॉम्प्युटर क्लासच्या मास्तरांनी सांगितलं होतं, की त्यासाठी पत्ता लागतो आणि तो पत्ता म्हणजे एक नाव. नाव लहान पाहिजे, ऐकल्याबरोबर लिहिता आलं पाहिजे, इंग्रजीत त्याची दोन-तीन रूपं होता कामा नयेत. मास्तरांनी व्यापाऱ्यांचं आडनाव सुचवलं, लोकर आणि घोंगडीवरून काही नावं सुचवली. यांनी एकही घेतलं नाही. गावचंच नाव हवं म्हणून अडून बसले. मास्तरांनी मशीनवर पाहिलं आणि ते आधीच कुणीतरी घेतल्याचं सांगितलं.

व्यापाऱ्यांचा मुद्दा सरळ होता. नकाशावर नसलेल्या गावाचं नाव दुसऱ्या कुणाला कशाला लागेल? ते मास्तरांशिवाय कुणाजवळ बोललेच नव्हते. तेव्हा घेतलं असेल तर मास्तरांनीच.

कलम कोणतं लावावं ते मला कळेना. जागेचा पंचनामा करावा तर जागा कुठे होती? मी अर्ज ठेवून घेतला आणि चौकशी करतो म्हणालो. तेवढ्यात वस्तीतल्या काही जणांनी क्लासचा बोर्ड उतरवून फेकला. लोकांनी मुली क्लासला पाठवणं बंद केलं. मास्तर बौद्ध कुटुंबातले, वडील शाळेत शिक्षक. कर्ज काढून दोन मशीनं आणलेली. प्रकरण लांबलं असतं तर त्यांना गाव सोडावं लागलं असतं.

त्यातच आमच्या हेड कॉन्स्टेबलनी खबर आणली. एसटीडी बूथवाल्यानं सांगितलं होतं, की मास्तर बाहेरगावी कुणाशी तरी फोनवर बोलले आणि ''नाव सोडू नका'' असं म्हणाले. हेड कॉन्स्टेबलच्या लेखी केस तिथेच संपली होती. मी मास्तरांना बोलावून घेतलं.

ते समोर उभे राहिले, घाबरलेले पण ताठ. मी बसायला सांगितलं आणि फोनबद्दल विचारलं. फोन केल्याचं त्यांनी लगेच कबूल केलं.

''साहेब, नाव मी घेतलं नाई. कोणी घेतलं ते मले माहीत आहे, पण मी सांगणार नाई. शब्द देऊन बसलो.''

चोराला विचारलं तर तो मला माहीत नाही म्हणतो. माहीत आहे पण सांगणार नाही, असं म्हणणारा माणूस बहुधा दुसऱ्या कुणाला तरी सांभाळत असतो. हा माझा अनुभव होता. मी आवाज चढवला नाही. हे नाव असतं तरी कुठे, ते दाखवा म्हणालो.

दुपारी साध्या कपड्यांत त्यांच्या क्लासमध्ये गेलो. त्यांनी फोनची वायर मशीनला जोडली. मशीन चिरकलं, खरखरलं आणि गप्प झालं. मास्तरांनी समजावलं, की एक नाव सगळ्या जगात एकालाच मिळतं आणि ते कुणाचं आहे हेही सगळ्या जगाला वाचता येतं. मग खुर्चीवरून उठून ते बाजूला झाले.

''मी सांगितलं नाई. तुमी वाचा.''

मी वाचलं. एका बाईचं नाव होतं, पुण्याचा पत्ता, फोन नंबर. आमच्या एवढ्याशा गावात, पत्र्याखाली बसून, मी पुण्यातल्या बाईच्या दाराशी जाऊन उभा होतो. कुठल्या ठाण्याला वायरलेस नाही, समन्स नाही.

व्यापाऱ्यांना तिथेच बोलावून घेतलं. पडद्याजवळ वाकून त्यांनी ते नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाले, धाकटी बहीण आहे. तिनं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नव्हतं. आता मास्तरांनाही बोलणं भाग पडलं. नोंदणीवरचा नंबर पाहून, नाव द्याल का, असं विचारायला त्यांनी फोन केला होता. मागणारा आपला भाऊ आहे हे तिच्या ध्यानात आलं. माझ्याकडे आहे हे कळलं तर दादा या नावाला शिवणारसुद्धा नाही, म्हणून मीच सोडून देते, पण माझं नाव सांगू नका, असं ती म्हणाली होती. तिनं त्या पत्त्यावर जे ठेवलं होतं ते मास्तरांनी पाहिलेलं होतं, म्हणून ते सोडू नका म्हणाले होते.

''काय ठेवलंय?'' व्यापाऱ्यांनी विचारलं.

मास्तरांनी गावचं नाव टाइप केलं. फोनची लाइन मंद होती. पडदा कोरा राहिला. मग अगदी वरच्या कडेला एक बारीक रेघ उमटली आणि चित्र वरून खाली, पट्टी-पट्टीनं उतरू लागलं. आधी देवळाचा कळस, मग देऊळ, मग पिंपळाचा पार. पाणी ओसरावं तसं एकेक घर उघडं पडत होतं. बहिणीनं आठवणीतून हातानं काढलेला नकाशा होता तो. गल्ल्या, विहीर, मेंढ्यांचे वाडे, कुणाचं घर कोणतं, सगळं लिहिलेलं. व्यापारी उभे राहिले होते. मीही केव्हा उभा राहिलो, कळलं नाही. धरणाचं एवढं पाणी मी रोज पाहत होतो, पण त्याच्याखाली गल्ल्या आहेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

व्यापारी पडद्याला बोट न लावता घरं दाखवू लागले. हा आमचा ओटा. ही मामाची भिंत. मग बोट एका जागी थांबलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

मास्तरांकडून पुण्याचा नंबर लिहून घेऊन ते तसेच एसटीडी बूथकडे निघाले. आम्ही मागून गेलो. बहिणीनं फोन उचलला तेव्हा त्यांनी नाव सांगितलं नाही, खुशाली विचारली नाही.

''माय, चिंच चुकली तुही. नाल्याच्या पलीकडं होती ते.''

तिकडून काय उत्तर आलं, मला ऐकू आलं नाही. पण व्यापारी काचेकडे तोंड करून नुसते हूं हूं करत राहिले आणि बूथवाल्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकांना बाहेर थांबवलं.

अर्ज मागे घेतला गेला. गैरसमजातून तक्रार, असा शेरा मी मारला. क्लासचा बोर्ड व्यापाऱ्यांनी स्वतः शिडी धरून लावून घेतला. नाव बहिणीकडेच राहिलं. घोंगड्या त्याच पत्त्यावर, नकाशाच्या खाली मांडल्या गेल्या. चिंच दुरुस्त झाली.

या प्रकरणानं मला शिकवलं ते कामाच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं. एखादी वस्तू कुणाच्या ताब्यात आहे हे शोधलं की पोलिसाचं काम झालं, असं मी मानत आलो होतो. त्यानंतर मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो: त्यानं ती कशासाठी जपून ठेवली आहे? पुष्कळदा उत्तर ऐकून लेखणी खाली ठेवावी लागली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या गावच्या देवळाचा कळस अजून वर येतो. बासरला जाताना मी गाडी थांबवतो, आणि नाला कुठे असेल, चिंच कुठे असेल, याचा अंदाज बांधत काठावर उभा राहतो.