चौकशी केलीय, असं मी म्हणालो होतो

पाचूबंदरला मासळी घेत होतो तेव्हा वहिनींचा फोन आला. "भावजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. कापायला दिलेलं पापलेट तिथंच राहिलं. कारखान्यातला माझा मित्र जयवंत, त्याला जाऊन आता पाच आठवडे झाले. हृदयविकार. त्याच्या मृत्यूला मी कारण आहे असं म्हणणार नाही, तेवढं मला कळतं. पण ज्या कामावर त्याचा जीव होता ते त्यानं वेळेआधी सोडलं, ते माझ्यामुळे. आणि हे मी त्याला कधी सांगितलं नाही...

वसई पूर्वेला आमचा कापड रंगवण्याचा कारखाना. मी तिथं प्रशासन बघतो. जयवंत खाडीकाठच्या शेतकरी घरातला, बॉयलरवर लागला आणि वर चढत कारखान्याचा व्यवस्थापक झाला. बॉयलरची परीक्षा पास नसलेल्या माणसाला तो झडपेला बोट लावू देत नसे, मग तो मालकांचा मेहुणा का असेना. कडक होता. पण कुणाला झापायचं असेल तर बाजूला नेऊन, चारचौघांत कधीच नाही.

सहा वर्षांपूर्वी मालकांच्या मनात आलं, वरच्या लोकांसाठी लीडरशिप कोच आणावा. शोधायचं काम माझ्याकडे आलं. एका सभागृहात मी एका गृहस्थांचं भाषण ऐकलं होतं. लोक रडत होते, मीही रडलो होतो. त्यांच्या कार्डावर नावापुढे पदव्यांसारख्या इंग्रजी अक्षरांची रांगच होती. जयवंतनं ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं. तो घरच्या बोलीत बोलू लागला की समजायचं, गडी गंभीर आहे.

"सुधीर, हा शिकला कोनाकडं?"

"अरे, केवढा मोठा माणूस आहे!"

"मोठा असंल. बॉयलरला परीक्षा लागते, आनि मानसाच्या डोक्यात हात घालायला नाय? याच्याकडं शिकलेल्या एकाला तरी इचारलंस का?"

"सगळी चौकशी केलीय," मी म्हणालो.

केली नव्हती. एवढ्या मोठ्या माणसाकडे कागद मागायची मला लाज वाटली होती. जयवंत हसला. "तू बघितलंयस ना? मग झालं."

पहिल्या दोन बैठका एकेकट्याच्या होत्या. त्यात जयवंतनं त्या गृहस्थांना एक गोष्ट सांगितली, जी मलाही ठाऊक नव्हती. तरुणपणी दुपारच्या पाळीत बॉयलरसमोर त्याला डुलकी लागली होती. आतलं पाणी धोक्याच्या खुणेखाली गेलं, बॉयलर फुटायचाच, जोडीदारानं पाहिलं म्हणून सगळे वाचले. त्याचा कडकपणा तिथून आला होता. मग अर्नाळ्याच्या एका रिसॉर्टवर सगळ्यांचं शिबिर झालं. त्या गृहस्थांनी जयवंतला मधोमध खुर्चीत बसवलं आणि बारा सुपरवायझरांसमोर ती गोष्ट माइकवरून सांगून टाकली. "आज हा माणूस मोकळा झाला!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. जयवंत माझ्याकडे बघत होता.

सोमवारी पाळी बदलताना कुणीतरी मागून म्हणालं, "काय साहेब, झोप झाली का?" सगळे हसले, तोही हसला. पण त्यानंतर तो कुणाला झापेना, बाजूलाही नेईना. चुकलेला माणूस समोर आला की नुसता सही करून कागद परत द्यायचा. सहा महिन्यांत प्रकृतीचं कारण देऊन त्यानं राजीनामा दिला. मी मागाहून चौकशी केली. कार्डावरची ती अक्षरं दोन दिवसांच्या एका वर्गाची होती, जो बसेल त्याला मिळणारी. त्या गृहस्थांनी कुणाच्या देखरेखीखाली काम केलेलं नाही, सांगितलेलं गुप्त ठेवण्याचं बंधन नाही... तुळिंजच्या बाजारात जयवंत भेटायचा तेव्हा वाडीतल्या वांग्यांबद्दल भरभरून बोलायचा. त्या दिवसाबद्दल त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी मालकांना पुन्हा कोच हवा झाला. या वेळी एक बाई आल्या. त्यांचं प्रमाणपत्र ज्या संस्थेचं, तिथं मी फोन केला. बाईंनी घडवलेल्या दोघांशी बोललो. बैठकीत ऐकलेलं मालकांनाही सांगणार नाही, हे त्यांच्याकडून लिहून घेतलं. बाई हसून म्हणाल्या, "इतकं कुणी विचारत नाही हो."

"मागच्या वेळी मीही विचारलं नव्हतं," मी म्हणालो. "आणि विचारलंय असं सांगितलं होतं."

त्याच संध्याकाळी वहिनींकडे गेलो. सगळं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "मला कशाला सांगता भावजी? त्यांना सांगायचंत."

आता त्याची केबिन माझ्याकडे आहे. बॉयलरघराकडची खिडकी तो कधी पूर्ण लावत नसे, कानावर आवाज राहावा म्हणून पुठ्ठ्याची घडी अडकवून ठेवी. एसी असल्यानं लोक ती लावायला उठतात. मी लावू देत नाही. आवाजातलं मला काही कळत नाही, तरी ऐकत बसतो.