हंड्यात बोट घालणाऱ्या मॅडम

कुठलंही भांडं समोर आलं की त्या आधी झाकण उचलायच्या, आतल्या कडेवरून बोट फिरवायच्या आणि ते बोट नाकाशी न्यायच्या. मग विचारायच्या, "आत बघितलंत का?" आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आल्या तेव्हा त्यांनी साखरेच्या डब्याला हेच केलं. त्या गेल्यावर बायकोने डबा घासला. डब्याची किळस आली होती की त्यांच्या बोटाची, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असं एखादं माणूस असेल, ज्याला येताना बघून लोक लिफ्टचं दार घाईने लावून घेतात. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत ते माणूस म्हणजे या मॅडम. विक्रोळीच्या एका प्रयोगशाळेत त्या जंतूंवर काम करायच्या. घरी त्या आणि त्यांची म्हातारी आई. फ्लॅट सोसायटीच्या सेक्रेटरीचा, भाड्याचा. आईला जिना चढवत नसे, म्हणून लिफ्टची ही जागा सुटू नये एवढी एकच काळजी त्यांना असायची.

जंतू तांबं कसं सांभाळतात, हा त्यांचा विषय. "काका, त्यांना तांबं लागतंही आणि जास्त झालं तर ते मरतातही. म्हणून ते आत सुटं ठेवतच नाहीत. एक प्रथिन पहारा करतं, दुसरं हातात धरून जिथे लागतं तिथे नेतं, जास्तीचं तिसरं दाराबाहेर फेकतं." हे सगळं कौतुकाने सांगायच्या, तेही माझ्या तोंडात भजी असताना.

आमच्या लॉबीत पिण्याच्या पाण्याचा तांब्याचा हंडा होता. सेक्रेटरीने स्वतःच्या आईच्या स्मरणार्थ दिलेला, वर तिचं नाव कोरलेलं. बाहेरून तो रोज चिंचेने लखलखीत व्हायचा. आत मात्र कुणी हात लावायचा नाही, कारण घासलं तर तांब्याचा गुण जातो, असं सेक्रेटरीचं म्हणणं. एका रविवारी मॅडमनी आत बोट घातलं. बोटाला हिरवट, बुळबुळीत तार लागून आली. फुलदाणीतल्या शिळ्या पाण्यासारखा वास. त्यांनी ते बोट सरळ सेक्रेटरीच्या नाकासमोर धरलं. मी त्याच हंड्यातलं पाणी नुकतंच प्यायलो होतो.

सेक्रेटरी भडकला. "ह्यो माझ्या आयशीच्या नावाचो हंडो. तेका तू घाण म्हणतंस?"

मॅडम म्हणाल्या, या हंड्यातले जंतू तांबं बाहेर फेकायला शिकलेत, तांब्याच्या भरवशावर राहू नका, आतून घासा. ती तार सगळ्यांनी बघितलेली, त्यामुळे हंडा आतूनही घासला गेला.

मग एक मे आला. सेक्रेटरीने गावाहून कोकमाचं आगळ आणलेलं. आदल्या संध्याकाळी कोकम सरबत करून त्याच झळझळीत हंड्यात भरून ठेवलं. बिनकल्हईच्या तांब्यात आंबट ठेवू नये हे पूर्वी घरोघरी ठाऊक असे. आमच्यात मात्र एकालाही आठवलं नाही. झेंडावंदनानंतर मॅडम खाली आल्या, हंडा बघितला आणि त्याच्या तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. यात तांबं उतरलंय, पिऊ नका, म्हणाल्या. सेक्रेटरीने त्यांचा हात बाजूला केला आणि मुद्दाम दोन पेले रिचवले. बाकीचे प्यायले ते त्याला बरं वाटावं म्हणून, आणि फुकट होतं म्हणूनही. मी वाचलो तो मधुमेहामुळे.

अर्ध्या तासात लॉबीची काय दशा झाली ते सविस्तर सांगत नाही, तुम्ही जेवत असाल. निळसर, गुलाबी ओकाऱ्या, त्यात पोहे. मी नाकाला रुमाल लावून जिन्यात पळालो. मॅडम तिथेच थांबल्या. डॉक्टरला बोलावलं, एकेकाचं कपाळ धरलं, सेक्रेटरीचंसुद्धा. त्याने ओकलेलं तर मॅडमनी आपल्या घरची चादर आणून पुसलं. संध्याकाळपर्यंत सगळे बरे झाले.

बरे झाले आणि मीटिंग घेतली. इतकी वर्षं हंड्यातलं पाणी प्यायलो, काही झालं नाही, या बाईने घासायला लावला आणि विष झालं, हा एकच सूर. मॅडमनी नाकारलं नाही. "आतल्या थरामुळे तांबं कमी उतरत होतं, हे खरं आहे. म्हणून तो थर प्यायचा का? आणि आंबट भरायला मी सांगितलं होतं?"

ज्यांची कपाळं त्यांनी धरली होती ते मोबाइलमध्ये बघत बसले. मला त्या ओकाऱ्यांपेक्षा या चेहऱ्यांची जास्त किळस आली. पुढच्याच आठवड्यात सेक्रेटरीने त्यांना फ्लॅट सोडायला सांगितलं.

भांडुपला जागा मिळाली, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी टॅक्सीपर्यंत नेलं. ती हसत सगळ्यांना हात करत होती. एकदा वर चढवलं की आता खाली उतरणं नाही, हे तिला कुणी सांगितलं नसावं. मॅडम पुढे बसल्या आणि मागे वळून बघितलं नाही.

"गेली एकदाची घाण," सेक्रेटरी मला म्हणाला. त्याची ओकारी मॅडमनी जिथे पुसली होती, त्याच फरशीवर तो उभा होता.