एकदाच आलेली माणसं

पाळकसाहेबांच्या कष्टांना नावं ठेवणारा माणूस मंडळीत शोधूनही सापडला नसता. रविवारी सकाळी सातला चर्चचं दार तेच उघडत. बाकं तेच पुसत, गीतांची पुस्तकं तेच मांडत, घंटाही तेच वाजवत. उपासनेत गीत लागलं की ऑर्गनवर बसत आणि गीत संपलं की झगा सावरत व्यासपीठाकडे पळत. मंडळी पाठीमागे त्यांना 'एकखांबी तंबू' म्हणे, तेही कौतुकाने.

पण त्या तंबूत माणसं कुठे उरली होती? बारा वर्षांपूर्वी ते इथे आले तेव्हा नव्वद जण बसत. आता सव्वीस, त्यातले दोघं झोपलेले. अशात सगळ्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. वर्षअखेरीपर्यंत हजेरी पन्नासावर गेली नाही, तर मंडळी शहरापलीकडच्या मोठ्या चर्चला जोडणार आणि इमारतीला कुलूप लावणार. पत्र वाचून पाळकसाहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. या चार भिंतींवर त्यांचा जीव होता.

मंडळी कशी वाढवावी याचं तीन दिवसांचं शिबिर त्यांनी केलं. शिकवणाऱ्या गृहस्थाने जन्मात कधी बाक पुसलं नसावं, पण उपाय त्याच्याकडे पोत्याने होते. पाळकसाहेबांनी नवी पाटी लावली, रंगीत पत्रकं वाटली, लाउडस्पीकर आणला. लाउडस्पीकर इतका झकास निघाला की झोपणारे दोघं जागे झाले आणि त्यातला एक यायचाच बंद झाला.

एकदा कपाट आवरताना पाहुण्यांची वही हाती लागली. नव्याने येणारा माणूस तिच्यात नाव, पत्ता लिहून जाई. तीन वर्षांत एकसष्ट नावं होती. पाळकसाहेब चक्रावलेच.

"अगं, एकसष्ट माणसं आली होती! गेली कुठे?"

"मला काय विचारता? पत्ते लिहिलेत ना, त्यांनाच जाऊन विचारा," पाळकीणबाई म्हणाल्या. "पण 'या हं' म्हणून आग्रह करू नका. नुसतं विचारा, आणि ऐका. तुम्हाला जमेल का ते, देव जाणे."

दुसऱ्या दिवसापासून पाळकसाहेबांची स्कूटर गल्लीबोळांतून फिरू लागली. प्रश्न एकच, "परत का नाही आलात?" एका म्हातारबुवांनी सांगितलं, "उपदेश तीनदा संपला असं वाटलं, पण संपला नाही." एका बाईंची बाकावर पाठ धरली होती. पाळकसाहेबांना राग यायला हवा होता, पण त्यांना या चौकशीची चटकच लागली. माणूस एकदा येतो आणि परत येत नाही, यामागे काय असेल, या विचाराने त्यांना झोप येईना.

अठराव्या घरी एक वायरमन भेटला. टेबलावर उघडा पंखा, तोंडात स्क्रू. प्रश्न ऐकून तो पंख्याचं पातंच फिरवत राहिला.

"स्पष्ट सांगा हो, मी वाईट वाटून घेणार नाही."

"तिसऱ्या बाकावरची ट्यूब फडफडत होती," तो स्क्रू काढून म्हणाला. "माझ्या खिशात टेस्टर होता. मी उठलो, तर तुम्ही म्हणालात, 'बसा, बसा, तुम्ही पाहुणे.' आणि स्वतः शिडीवर चढलात. झगा घालून! मला भीती वाटली, पडताय की काय."

"पण मी आपलं आदराने—"

"आदरानेच हो. पण मला वाटलं, इथे आपलं काही काम नाही."

पाळकसाहेब जिना उतरून खाली आले, पण स्कूटर सुरू करायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. मग ते उलट्या पावली आधीच्या सतरा घरी गेले आणि नवा प्रश्न विचारला, "त्या दिवशी तुम्ही काही करायला उठला होतात का?" एका नर्सबाई चक्कर आलेल्या आजींकडे निघाल्या होत्या, पाणी घेऊन पाळकसाहेब आधीच पोचले होते. शाळेतल्या संगीताच्या बाई ऑर्गनजवळ घुटमळल्या होत्या. सतरापैकी अकरा जण उठले होते आणि अकराही जणांना पाळकसाहेबांनी हसतमुखाने खाली बसवलं होतं.

या माणसांना त्यांनी एकेक काम देऊन परत बोलावलं, पण पुढचे चार महिने त्यांना स्वतःला फार जड गेले. शिडी वायरमनला दिली, आजारी माणसांच्या भेटी नर्सबाईंना. ऑर्गन देताना मात्र जीव तुटला. संगीताच्या बाई त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगलं वाजवत, आणि त्याचा पाळकसाहेबांना चक्क मत्सर वाटला. पाळकीणबाईंना तो दिसला आणि त्या पोट धरून हसल्या.

वर्षअखेरीच्या रविवारी कार्यालयाचे साहेब हजेरी मोजायला आले. त्यांनी दोनदा मोजलं. चव्वेचाळीस.

"वाईट वाटतं," उपासना संपल्यावर ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं. "पण नियम तो नियम. किल्ली द्या."

पाळकसाहेबांनी सवयीने खिशात हात घातला. खिसा रिकामा. त्यांनी दुसराही चाचपला, आणि मग आठवलं.

"माझ्याकडे नाही."

"मग कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे एक आहे," वायरमन म्हणाला. "मंगळवारी मीच उघडतो."

"माझ्याकडे एक," नर्सबाई म्हणाल्या. संगीताच्या बाईंनी पर्समधून आपली काढून दाखवली. मागच्या बाकावरूनही हात वर झाले. आठ किल्ल्या निघाल्या, आणि साहेबांच्या हातात एकही कुणी ठेवली नाही.

साहेबांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं. "पाळकसाहेब, मी अहवालात लिहू तरी काय?"

बारा वर्षांत या चर्चमधल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पाळकसाहेबांनीच दिलं होतं. आताही ते जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि एक खुर्ची ओढून बसले.

"मला नका विचारू," ते म्हणाले. "यांना विचारा."

आठही जण एकदम बोलायला लागले. साहेबांना वर्षभराची मुदत लिहून देईपर्यंत कुणी हलू दिलं नाही.