यादीवाल्या मावशी

गुलमंडीमागच्या आमच्या गल्लीत मावशी मतदार यादी घेऊन यायच्या, तेव्हा आई आधी चहा टाकायची. पदरानं चष्मा पुसत त्या दारोदार विचारायच्या, "नवी सून आली ना? मग तिचं नाव यादीत कुठंय?" सासू कितीही कुरकुरली तरी सुनेचा अर्ज भरून होईपर्यंत त्या कपाला हात लावत नसत.

आई गेल्यावर महिन्याभरात त्या आल्या. चहा मी टाकला. त्यांनी पिशवीतून आईचं नाव वगळायचा अर्ज काढला. मला रागच आला.

"एवढी घाई, मावशी?"

"व्हय. तिनं एकदाबी मत चुकवलं नाय. आता तिच्या नावावर दुसऱ्या कुणी शाई लावून घ्यायला नको."

मी सही केली. मगच त्यांनी गार झालेला चहा उचलला.

"तुझ्या आईवानी लई गोड करतीस," त्या म्हणाल्या.