सिस्टरांनी लिहिलेली ओळ

"फाइलमध्ये ती ओळ नाहीच," डॉक्टर म्हणाले.

"मी लिवली व्हती," सुनंदा सिस्टर म्हणाल्या.

आणि दोघंही माझ्याकडे बघू लागले. पौड रोडवरच्या या छोट्या खासगी दवाखान्याचे कॉम्प्युटर मी सांभाळते. फोन आला म्हणून मी माझ्या गावाहून, माणहून, स्कूटरवर आले होते. मला काहीच उमगत नव्हतं.

झालं होतं असं. कासार आंबोलीकडे मेंढरं राखणाऱ्या हौसाबाई पायाची जखम घेऊन आल्या होत्या. पेनिसिलिन सोसत नाही, हे त्यांनी सोमवारी सिस्टरांना सांगितलं. बुधवारी डॉक्टरांनी फाइल बघून तेच इंजेक्शन भरलं. सुई टोचायच्या आधी बाईंनीच विचारलं, "ह्ये त्येच न्हाई ना? मागं ह्यानं माझा दम कोंडला व्हता." म्हणून वाचल्या. आता सिस्टरांची नोकरी जायची वेळ आली होती.

मी डिस्क तपासली. ठणठणीत. व्हायरस नाही. सिस्टरांच्या कॉम्प्युटरवर सोमवारी साडेअकराला फाइल सेव्ह झाल्याची नोंद होती. मग ओळ गेली कुठं?

दवाखान्याच्या सगळ्या फाइली एकाच स्टोरेज बॉक्समध्ये असतात. सगळ्यांचं मिळून एक कपाट म्हणा. हा बॉक्स दर तासाला स्नॅपशॉट घेतो, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत. बाराच्या प्रतीत ओळ होती. एकच्या प्रतीत नव्हती. मधे फाइल सेव्ह झाली होती ती डॉक्टरांच्या केबिनमधून.

"मी काही डिलीट केलेलं नाही," डॉक्टर म्हणाले.

"फाइल कधी उघडली होती?"

"अकराला. मग पेशंट येत राहिले. साडेबाराला ड्रेसिंगचं लिहिलं आणि सेव्ह केली."

म्हणजे त्यांच्या स्क्रीनवर अकराची जुनी फाइल होती. ती सिस्टरांच्या नव्या फाइलवर जाऊन बसली. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

पण बॉक्सनं दोघांना लिहू दिलंच कसं? लॉक मीच लावला होता. एकाजवळ फाइल उघडी असली की दुसऱ्याला ती फक्त वाचता येते, तो लॉक. मी सेटिंग उघडलं. लॉक बंद. बंद करणाऱ्याचं नाव माझं.

मग आठवलं. मागच्या महिन्यात डॉक्टरांचा फोन आला होता, "दुसरं कोणी फाइल वापरतंय म्हणतो हा कॉम्प्युटर. पेशंट खोळंबलेत." मी घरी बसून दोन मिनिटांत लॉक काढला आणि विसरले.

हे मी दोघांसमोर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "सॉरी, सिस्टर."

"माझं ऱ्हाऊ द्या," सिस्टर म्हणाल्या. "आजून कुनाकुनाच्या वळी गेल्यात, त्ये बघा आदी."

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीन दिवस आम्ही दोघी महिन्याभराच्या प्रती ताडून बघत बसलो. अशाच पुसल्या गेलेल्या आणखी दोन ओळी सापडल्या. एक ॲलर्जीचीच होती.

लॉक आता चालू आहे. डॉक्टर कुरकुरतात, पण फाइल मोकळी होईपर्यंत थांबतात. मी एवढंच शिकले: तक्रार बंद झाली की काम झालं असं समजू नये. आपण नेमकं काय बंद केलं, ते आधी बघावं.